वल्ह्यावरचं लाल फडकं

नावाड्याच्या मुलीने त्याला पत्र पाठवलं, त्या गोष्टीला बावन्न वर्षं झाली. ‘वल्ह्याला फडकं बांधलेलं तू पाहिलंस. मालकांना तेवढं लिहून कळव. ते बाबांना परत कामावर घेतील. बाकी काही नको.’ खाली तळ्याच्या धक्क्याचा पत्ता. ग्रंथपाल म्हणून त्याने जन्मभर लोकांच्या चौकशांना उत्तरं दिली. या एकाच पत्राला दिलं नाही.

आजही दिलं नसतं. पण दुपारी नव्वदीतल्या काकांनी सुट्टीला जमलेल्या नातवंडांपुढे तीच गोष्ट काढली.

“नावाडी एक नंबरचा बेवडा! होडीच्या तळाचं बूच लावायलाच विसरला. तळ्याच्या मध्यावर गेलो नि पाणी गुडघ्याला! तुमची आत्या तेव्हा पाच वर्षांची.”

“काय गटांगळ्या खाल्ल्या मी!” काकांची मुलगी म्हणाली. सगळे खो खो हसले.

तो हसला नाही. तेव्हा तो चौदाचा होता. महिनाभरासाठी तळ्याकाठचं घर होडी-नावाड्यासकट भाड्याने घेतलं होतं. नावाडी रोज संध्याकाळी होडी काठावर ओढून बूच काढायचा, साचलेलं पाणी जाऊ द्यायचा आणि वल्ह्याला लाल फडकं बांधायचा. फडकं दिसलं की होडीला हात लावायचा नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्या सकाळी नावाडी यायच्या आधीच काका लेकीला घेऊन निघाले. फडकं सोडून त्यांनी बसायची फळी पुसली आणि ते पुतण्याच्या अंगावर फेकलं.

“काका, ते फडकं...”

“तू वाच तुझं पुस्तक, किड्या!”

नावाड्याने कपड्यांनिशी उडी मारून पोरीला वर काढलं. काकांनी काठावर येताच त्याच्याच कानाखाली आवाज काढला. दुपारपर्यंत घरमालकांनी त्याला कामावरून काढलं. पुतण्याने वडिलांना खरं सांगितलं, तर ते म्हणाले, “आता तू लहान नाहीस. घरातलं घरात ठेवायला शीक.” एवढं शिकवून त्यांनी त्याला मोठं केलं!

“मग नावाड्याचं काय झालं, आजोबा?” नातीने विचारलं.

“कोणाला ठाऊक! गेला असेल कुठेतरी.”

तो ताडकन उठला. काकांपुढे त्याचा आवाज कधीच चढला नव्हता.

“तो प्यायला नव्हता, काका! फडकं तुम्ही सोडलंत. ज्याने हिचा जीव वाचवला, त्याच्यावर हात उगारलात. आणि वर बावन्न वर्षं त्याची टिंगल?”

“अरे, जुनी मढी कशाला उकरतोस?”

“पुरली कोणी? तुम्ही पुरलीत, मी माती ढकलली.”

काकांच्या मुलीचं हसू विरलं. “बाबा, मला तर तुम्ही वाचवलंत ना?”

काका चष्मा पुसत राहिले.

आतल्या खोलीत त्याने तीन कागद फाडले. उशिराबद्दलची रडगाणी नकोत. चौथ्यावर लिहिलं: ‘फडकं बांधलेलं होतं. काकांनी ते सोडलं. मी पाहिलं, आणि गप्प बसलो. तुझ्या वडिलांची चूक नव्हती.’ खाली सही केली. ती त्या पत्त्यावर असेल का, असेल तरी काय म्हणेल, देव जाणे. पत्राची घडी घालून त्याने सोबत इतकी वर्षं कपाटात जपलेलं ते फडकंही ठेवलं. विटून गुलाबी झालेलं.

“दादा, थांब,” काकांची मुलगी दारात उभी होती. “माझीही सही घे.”

कोपऱ्यावरच्या टपालपेटीत जाड पाकीट अडकलं. आत पडल्याचा आवाज येईपर्यंत तो ते दोन बोटांनी ढकलत राहिला.