मुंगीची पट्टी

गावाची जमीन फाटून चिंध्या झाली होती. बाप गेला की प्रत्येक भावाला प्रत्येक शेतात वाटा, चांगल्यातही आणि वाईटातही, असं पिढ्यानपिढ्या चाललेलं. पट्ट्या इतक्या अरुंद झाल्या की ट्रॅक्टर वळवायचा तर शेजाऱ्याच्या पिकातून. आपल्या शेतात शिंकलं की शेजाऱ्याच्या शेतात सर्दी होते, असं लोक हसून म्हणायचे. पण बांधावरून डोकी फुटली होती आणि सख्खे भाऊ एकमेकांच्या मयतीला गेले नव्हते.

सगळी जमीन एकत्र करायची आणि ज्याला त्याला एका जागी सलग तुकडा द्यायचा, हे दोनदा ठरलं आणि दोनदा मोडलं. एक जण जरी नाही म्हणाला तरी सगळं बारगळायचं. तिसऱ्यांदा समिती झाली तेव्हा गावानं गिरणीवाल्या ताईला प्रमुख केलं. तिच्या नावावर जमीन नव्हती, मूलबाळ नव्हतं. ती कुणाची बाजू घेणार नाही असं सगळ्यांना वाटलं. तिला जवळचं माणूस एकच, धाकटी बहीण. आई लवकर गेल्यावर धाकटीला तिनंच वाढवलं, तिचं लग्नही तिनंच लावून दिलं.

धाकटीच्या नवऱ्याला गाव मुंगी म्हणायचं. त्याची जमीन ओढ्याकाठच्या मुरमाड पट्ट्यात होती, नुसते गोटे. लग्न झाल्यापासून तो आणि धाकटी ओढ्यातला गाळ आणून त्यावर टाकत आले होते. आधी डोक्यावर घमेली, मग एकचाकी ढकलगाडी. दुसऱ्याची गवंडीकामं करून घरी आला की दिवस मावळेपर्यंत तो गाळच वाहायचा. आता तिथे गुडघाभर काळी माती होती.

समितीनं जमिनीच्या तीन प्रती ठरवल्या: चांगली, मध्यम आणि मुरमाड. ज्याची जेवढी ज्या प्रतीची जाईल, तेवढी त्याच प्रतीची त्याला मिळेल. एकेक पट्टी तपासत बसलं तर जन्म पुरणार नाही, म्हणून एका भागाला एकच प्रत लावायची असं ठरलं. ओढ्याकाठचा सगळा भाग मुरमाड धरला गेला.

मुंगी गिरणीत आला. गिरणीचा पट्टा फिरत होता, म्हणून त्याला बाहेर थांबावं लागलं. ताई हात झटकत आली तेव्हा तो म्हणाला, "ताई, माझ्या पट्टीत एक खड्डा घ्या आणि काय निघतं ते बघा. बाकी मला काही म्हणायचं नाही."

काय निघेल हे ताईला ठाऊक होतं. तिनं विषय समितीत काढला. एकानं विचारलं, मग मी लावलेल्या झाडांचं काय? दुसऱ्यानं आपल्या दगडी बांधाचं काढलं. आवाज चढले. तिसऱ्यांदाही सगळं मोडणार हे दिसायला लागलं, तेव्हा ताई म्हणाली की बदल कुणासाठीच होणार नाही, आणि मुंगीची समजूत ती स्वतः घालेल.

ती बहिणीच्या घरी गेली. बराच वेळ बोलली. ट्रॅक्टर बांधापर्यंत येईल, पाणी सगळ्यांना पोचेल, भांडणं मिटतील, असं सगळं सांगितलं. मुंगी जमिनीकडे बघत ऐकत होता. धाकटी दाराला टेकून उभी होती, पाणी आणायलाही हलली नाही.

"तुम्ही एकटेच राहिलात, जावईबापू," ताई म्हणाली. "गाव तुमच्यासाठी थांबलंय."

"माझं मन होत नाही," तो म्हणाला. "पण हिला तुम्ही आईच्या जागी. तुम्हाला या घरातून नाही म्हणून कसं पाठवू?"

त्यानं सही केली.

बांध मोडले, रस्ते झाले, ओढा सरळ करून त्याचे काठ उंच केले. मुंगीची पट्टी गावातल्या वायरमनच्या नव्या तुकड्यात गेली आणि मुंगीला त्याच भागात वरच्या अंगाला सलग मुरूम मिळाला. पहिल्याच हंगामात वायरमनच्या मक्यात मधोमध एक गडद हिरवा पट्टा उभा राहिला, आजूबाजूच्यापेक्षा हातभर उंच. गावातून ओढ्याकडे जाणाऱ्या प्रत्येकाला तो दिसायचा.

मका निघाल्यावर मुंगी ढकलगाडी घेऊन तिथे गेला आणि आपली माती भरून वर नेऊ लागला. वायरमननं काही दिवस चालू दिलं, मग तो समितीकडे आला. मी ती माती मागितली नव्हती, म्हणाला, पण माझ्या शेतात खड्डे पडायला लागलेत. सगळे ताईकडे बघू लागले. मुंगी मागच्या बाकावर बसला होता.

"माती ज्याच्या शेतात आहे, त्याची," ताई म्हणाली.

तो उठून गेला. त्या शेतात त्यानं पुन्हा पाऊल टाकलं नाही. नव्यानं सुरुवात करायची म्हणून ओढ्यावर गेला, पण सरळ केलेल्या ओढ्यात गाळ थांबत नव्हता. म्हणून तो उंच काठाच्या खालून माती कोरून काढू लागला. एका सकाळी काठ वरून त्याच्या अंगावर कोसळला.

गाव धावलं. फावडं त्याच्या अंगाला लागेल म्हणून लोकांनी हातांनी माती उपसली. वर्षानुवर्षं एकमेकांशी न बोललेले भाऊ शेजारी शेजारी गुडघ्यावर बसून उपसत होते, आणि त्यांच्यात ताईही होती. तो सापडला तेव्हा तोंडातही माती होती. धाकटीनं पदरानं ती काढली, शांतपणे, मुलाचं तोंड पुसावं तशी.

पुढे गावानं आपणहून ठरवलं की प्रत्येकानं आपल्या शेतातली एक ट्रॉली चांगली माती धाकटीच्या तुकड्यावर टाकायची. सगळ्यात आधी वायरमन आला. दिवसभर ट्रॉल्या रिकाम्या होत राहिल्या आणि धाकटी काठी घेऊन कुठे टाकायची ते दाखवत राहिली. ताईकडे जमीन नव्हती, म्हणून तिनं माती विकत घेऊन आणली होती. तिची पाळी आली तेव्हा धाकटी ड्रायव्हरच्या पुढ्यात उभी राहिली.

"ही परत न्या."

"धाकटे," ताई म्हणाली.

"सगळ्यांची घेतली. त्यांनी सांभाळलं ते त्यांचं स्वतःचं होतं. तू मात्र आमचं देऊन टाकलंस."

ताईनं ड्रायव्हरला वळायला सांगितलं. नव्या रस्त्यावर वळायला भरपूर जागा होती.

योजना चांगली चालली. आजूबाजूच्या गावांतली माणसं बघायला येतात आणि ताई त्यांना शेतं दाखवते. धाकटीच्या तुकड्यात आता पीक येतं. दळण ती डोक्यावर घेऊन पलीकडच्या गावी जाते. वाट गिरणीवरूनच आहे. ती येताना दिसली की ताई गिरणी बंद करते, आवाज थांबवते, आणि ती पुढे निघून जाईपर्यंत दारात उभी राहते.