डाव्या हाताचं रफू

“मास्तर, रफू सुरेख झालंय. म्हणूनच चालणार नाही.”

दिग्दर्शिकाबाईंनी शाल खिडकीच्या उजेडात धरली होती. मास्तर चाळीस वर्षं सिनेमाच्या कपडेपटात सुई चालवत आले होते. काम वाईट म्हणून परत आलं असतं तर त्यांनी निमूटपणे उसवलं असतं, पण चांगलं झालं म्हणून परत आलेलं हे पहिलंच.

“मग बिघडवून देऊ का?”

“मुद्दाम बिघडवलेलंही कळतं हो. जिला शिवता येत नाही पण थंडी वाजतेय, अशा बाईच्या हातचं हवंय मला.”

सिनेमा शंभर वर्षांपूर्वीच्या काळातला, एका काळ्याकुट्ट कादंबरीवरून काढलेला. एक गरीब पोर बड्या घरात सून म्हणून येते आणि तिथं टिकण्यासाठी एकेकाला विष घालत सुटते. पडद्यावर मात्र डोळ्यांची नुसती चैन. हिरव्या भिंती, मेणबत्त्या, डाळिंबी रेशमाचे पायघोळ झगे. असे बत्तीस झगे मास्तरांनी बेतले होते. पण बाईंचा जीव अडकला होता नायिकेनं माहेरून आणलेल्या एका तपकिरी शालीत.

मास्तर घरी गेले, कपाट उघडलं आणि बायकोची शाल बाहेर काढली.

शिंप्याचं घर आणि शालीला वीतभर भोक! बायको म्हणायची, “एवढं रफू करून द्या की हो.” मास्तर म्हणायचे, “उद्या.” अशी दहा वर्षं गेली. शेवटी वैतागून तिनंच सुई हातात घेतली. ती डावखुरी, त्यात शिवणाशी छत्तीसचा आकडा. टाके उलटीकडे कललेले, कुठे दाट, कुठे विरळ. मास्तर ते बघून पोट धरून हसले होते. तिला जाऊन आता तीन वर्षं झाली होती आणि ते हसणं आठवलं की मास्तरांना स्वतःची लाज वाटायची.

बाईंनी शाल पाहिली, खिडकीच्या उजेडात नेली. मग म्हणाल्या, “हीच. कुणी केलंय हे?”

“घरचंच आहे,” मास्तर म्हणाले.

घरी मुलीनं आकांत मांडला. ती वाचनालयात कामाला होती, कादंबरी तिनं वाचलेली होती.

“आईची शाल दिलीत? बाबा, पुस्तक वाचलंत का तुम्ही?”

“मला मेल्याला कुठली सवड!”

“अहो, शेवटी ती जाळते शाल! स्वतःच्या हातानं आगीत टाकते. आपल्याला ओळखणारं काहीच मागे राहू नये म्हणून.”

आईची म्हणून तेवढी एकच वस्तू मुलीनं मागून ठेवली होती, तिच्या स्वतःच्या घरी न्यायला.

“देतो परत,” मास्तर म्हणाले. “आईशपथ देतो.”

कपडेपटाचा रिवाजच होता, जे जळायचं, फाटायचं त्याची नक्कल आधी करायची. मास्तरांनी तसलीच लोकर मिळवली, उन्हात टाकली, दगडानं घासली. दोन्ही शाली चहाच्या पाण्यात एकत्र बुडवल्या, म्हणजे रंग जुळावा. पण रफू काही जमेना. उजवा हात चुकायलाच तयार नव्हता. तेव्हा त्यांनी सुई डाव्या हातात घेतली. पहिल्या दिवशी बोटं रक्ताळली. आठव्या दिवशी टाके कलायला लागले, कंटाळून विरळ व्हायला लागले. बायको कुठे थांबली असेल, कुठे दूध उतू गेलं म्हणून उठली असेल, तेही त्यांना कळू लागलं. इतकं लक्ष तिच्याकडे त्यांनी ती असताना कधी दिलं नव्हतं.

खऱ्या शालीच्या कोपऱ्यात त्यांनी खुणेचा पांढरा कच्चा दोरा घातला.

आगीच्या प्रसंगाच्या दिवशी सकाळी त्यांनी दोन्ही शालींना इस्त्री केली, घड्या घातल्या, वर एकदा हात फिरवला. कॅमेऱ्यापुढे कपडा पाठवताना राहिलेला कच्चा दोरा ओढून काढायचा, ही त्यांच्या बोटांची चाळीस वर्षांची सवय. दोरा तळहातावर दिसला तेव्हा त्यांना कळलं की बोटांनी काय करून ठेवलंय.

त्यांनी दोन्ही शाली उलटून पाहिल्या. वास घेतला, तर दोन्हींना चहाचाच. टाके मोजले. काम इतकं चोख झालं होतं की करणाऱ्यालाच फसवत होतं.

“मास्तर, शाल!” आतून हाक आली. आग पेटली होती, नटी पहाटेपासून त्या एका प्रसंगासाठी मन घट्ट करून बसली होती. मास्तरांनी आजवर कुणाचा कॅमेरा थांबवला नव्हता. त्यांनी डोळे मिटून दोन्हींवर हात ठेवला, जी हाताला जवळची वाटली ती पिशवीत घातली आणि दुसरी आत दिली.

संध्याकाळी घरी पिशवीतली शाल काढून मुलीनं विचारलं, “हीच ना?”

“हीच,” मास्तर म्हणाले. जीभ जरा अडखळली, पण पोरीनं शाल छातीशी धरली होती.

सिनेमा लागला तेव्हा मुलगी तीच शाल पांघरून आली. थिएटरात दोघं शेजारी बसली. बत्तीस झगे येऊन गेले, लोकांनी श्वास रोखून पाहिले. शेवटी आग आली आणि भिंतभर मोठं ते रफू. एकेक टाका हाताएवढा. त्या टाक्यांतून दोऱ्याबरोबर शिवला गेलेला एक लांब, अर्धा पिकलेला केस आगीच्या उजेडात चमकत होता. सगळ्यात आधी तोच वळला आणि जळाला.

मास्तरांच्या तोंडून हुंदका फुटला. इतक्या जवळून त्यांनी तिचं काम कधी पाहिलंच नव्हतं.

“बाबा,” मुलगी हळूच म्हणाली, “तो केस...”

“तिचाच. ती जळाली ती आईची होती गं. तुझ्या अंगावरची माझी. मला ओळखताच आली नाही.”

दिवे लागले. लोक उठून जाऊ लागले. मुलगी बसूनच राहिली. तिनं अंगावरच्या शालीतलं रफू शोधून काढलं, त्या वाकड्या टाक्यांवरून बोट फिरवलं. तिचे डोळे भरले होते.

“दहा वर्षं मागे लागली होती ती तुमच्या,” ती म्हणाली. “केलंत एकदाचं.”

मास्तरांनी मान हलवली. बाहेर वारं सुटलं होतं. मुलीनं शाल नीट लपेटून घेतली आणि दोघं घरी निघाली.