गर्डरवरची हळद

आमच्या पोर्चशेजारच्या जागेत दोन लोखंडी तिकाटणी उभी राहिली आणि त्यांच्यावर आडवा गर्डर चढला, तेव्हा अख्ख्या कॉलनीला वाटलं की आमच्याकडे झोपाळा होतोय. समोरच्या अंबूबाईंनी तर पहिलं बसायला मीच येणार, असं सांगून ठेवलं. मी हो म्हटलं. नवरा घरच्या घरी क्रेन बांधतोय, हे समजावण्यापेक्षा झोपाळा सोपा होता.

आमच्या ह्यांचं नाव ढुंढिराज. घराणं पंचवटीतलं, यात्रेकरूंची कार्यं करणारं. हे मात्र सगळी नोकरी विमा कचेरीत टेबलाशी बसले आणि निवृत्त झाल्यावर वेल्डिंग शिकले, मोबाइलवर बघून. मला बोलायला तोंड नव्हतं. मीही शिवण, स्कूटर, बँकेचे व्यवहार असंच कुणी न शिकवता शिकले. पण शिवण उसवली तर कोणी मरत नाही.

अंबडला एक छोटं वर्कशॉप बंद झालं, तिथली लेथ ह्यांनी घेतली. लेथ म्हणजे लोखंड गरगर फिरवून कातायचं यंत्र. एखाद्या धडधाकट म्हशीपेक्षा जड. आमच्या गल्लीत विजेच्या तारा इतक्या खाली लोंबतात की भाड्याची क्रेन आत येत नाही. मग ती टेम्पोतून उतरवायची कशी? म्हणून घरची क्रेन.

"हे धरेल ना?" मी रोज विचारायची.

"दुप्पट वजन धरेल. हिशेब केलाय."

"हिशेब लोखंडाचा केलाय की तुमच्या वेल्डिंगचा?"

"लतिका, तू चहा टाक."

चहा टाकायला गेलं की बहुतेक लाइट जायची. वेल्डिंग मशीनचा करंट वाढवला की घराचा मेन स्विच पडे. मग हे करंट कमी करत, स्विच वर करत आणि पुन्हा सुरू. जोड दिसायचे मात्र देखणे. गर्डर आणि पाय जिथे मिळतात तिथे मण्यांची माळ ओवावी तसे एकसारखे टाके. येणारे-जाणारे कौतुक करायचे. मी दुपारी कपडे वाळत घालायला त्याच्याखालून जायचं टाळून, सगळ्या घराला वळसा घालून जायची. वर साधी दोरीसुद्धा लटकत नव्हती, तरी.

लेथ आली ती सायखेड्याच्या संतोषच्या टेम्पोतून. टेम्पो मागे घेत त्याने बरोबर गर्डरखाली लावला. बेत साधा होता. चेन कुप्पीने, म्हणजे साखळी ओढून वजन उचलायच्या कप्पीने, लेथ टेम्पोवरून वीतभर उचलायची. टेम्पो पुढे काढायचा. मग मोकळ्या जागेत लेथ सावकाश जमिनीवर सोडायची.

संतोषने वर बघितलं आणि साखळीला हातच लावेना.

"काका, नवीन वस्तू हाय. हळदकुंकू लावल्याबिगर वजन नका देऊ."

"अरे, क्रेन आहे ती. नवरी नाही."

"तुम्ही भटजीच्या घरचे ना?"

"म्हणूनच सांगतोय."

मी आत जाऊन हळद कालवली. घाईत पाणी कमी पडलं, पिठल्यासारखी घट्ट झाली. टेम्पोत चढल्यावर गर्डरची दोन्ही टोकं हाताला आली. दोन्हीकडच्या जोडांवर मी पाच-पाच बोटं ओढली, मधे कुंकू टेकवलं. हे खाली उभे राहून मान हलवत होते. पण चपला काढल्या होत्या, ते मी पाहिलं.

संतोषने लेथला पट्टे बांधायला भरपूर वेळ घेतला. उन्हात हळद खडखडीत वाळली. मग साखळी ओढायला सुरुवात झाली. खडखड, खडखड, आणि खालचा आकडा केसभर वर. पट्टे ताणले. टेम्पो हळूच अंग सोडल्यासारखा उंच झाला, आणि लेथ फळीवरून उचलली गेली. गर्डर कुरकुरला. मी पायरीवर उभी होते, हातात हळदकुंकवाचं तबक तसंच.

"बघितलंस?" हे म्हणाले. इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर आमच्या लग्नातही पाहिला नव्हता.

टेम्पो पुढे गेला, फाटकाबाहेर थांबला. लेथ अधांतरी राहिली, माझ्या कमरेच्या उंचीला, स्वतःभोवती अगदी थोडी वळत.

"थांब रे, सोडू नको अजून," हे संतोषला म्हणाले. "खाली रबर लावून घेतो." आणि जाड रबराचे तुकडे घेऊन, बॅटरी पेटवून, लेथच्या खाली उकिडवे बसले. संतोष साखळीजवळ उभा. हे टेपने मापं घेत होते, स्वतःशी पुटपुटत. त्यांचं टक्कल आणि ते काळं लोखंड यांच्यात हातभरसुद्धा अंतर नव्हतं.

मला खाली बघवेना, म्हणून मी वर बघितलं.

माझ्या बाजूच्या जोडावर, मधल्या तीन बोटांमधून एक आडवी काळी रेघ गेली होती. केसाएवढी. मी मघाशी अशी काही रेघ ओढली नव्हती. मी दुसऱ्या टोकाकडे पाहिलं. तिथली हळद अखंड होती. पुन्हा इकडे पाहिलं, तर रेघ शेवटच्या बोटात शिरली होती, आणि हळदीची एक खपली सुटून गिरकी घेत खाली आली. ह्यांच्या खांद्यावर पडली. त्यांना कळलं नाही.

ओरडायचं होतं आणि ओरडायचं नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, आवाज दिल्यावर हा माणूस काय करतो ते मला पाठ आहे. मी तबक पायरीवर ठेवलं, आवाज होऊ न देता. कठड्याला धरलं.

"अहो," मी म्हटलं, जितकं हळू म्हणता येईल तितकं. "मला चक्कर येतेय."

टेप आणि बॅटरी तिथेच टाकून हे बाहेर आले. रांगत, मग धावत. "बस. खाली बस. गोळी घेतली होतीस ना सकाळी?" त्यांचा हात माझ्या कपाळावर आला आणि मी त्यांचा शर्ट पुढून दोन्ही मुठींत धरला.

"वर बघा."

त्यांनी बघितलं. "हळद आहे ती. वाळली की तडकते."

"एकाच टोकाची?"

मी त्यांचा चेहरा बघत होते, तो आधी लाल झाला आणि मग त्यातला रंगच गेला.

"संतोष, बाजूला हो," ते म्हणाले. "मी उतरवतो खाली. दोन मिनिटांचं काम आहे. लतिका, सोड."

"नाही."

"शर्ट फाटेल."

"फाटू दे. शिवेन."

साखळी लेथला लागूनच लोंबत होती. ती ओढायची तर लेथच्या अंगाशी उभं राहायला हवं. संतोष केव्हाच मागे सरकला होता. त्याने एकदा वर बघितलं, एकदा आमच्याकडे.

"काका, टेम्पो परत खाली घालतो. पडलीच तर वीतभर पडंल."

"तुझ्या अंगावर आली तर?"

"मी पुढं क्याबिनीत. वजन मागं. फक्त आरशात नीट दिसत नाय. काकू, तुम्ही सांगा."

तो फाटकाबाहेर गेला. ह्यांना मी पायरीवरून हलू दिलं नाही, एका हाताने शर्ट तसाच धरून दुसऱ्या हाताने खुणा करत राहिले. नाशकात रोज कुठल्या ना कुठल्या गल्लीत माणसं गाडीमागे उभी राहून येऊ द्या, येऊ द्या म्हणत असतात. किती बेफिकिरीने म्हणतात.

"येऊ द्या," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "येऊ द्या. डावीकडे. येऊ द्या."

टेम्पोची मागची फळी लेथच्या सावलीत शिरली. इंजिनाच्या हादऱ्याने पायरी थरथरत होती. वर बघायची हिंमत नव्हती. खपल्या मात्र आता एकापाठोपाठ एक पडत होत्या, फळीवर पिवळे ठिपके.

"येऊ द्या… येऊ द्या… बस."

संतोषने ब्रेक दाबला. तेवढाच धक्का.

टक. एवढाच आवाज, सुपारी फोडल्यासारखा. गर्डरचं टोक पायापासून सुटलं, लेथ फळीवर बसली, टेम्पो गुडघे टेकल्यासारखा खाली गेला आणि पुन्हा वर आला. सुटलेला पाय सावकाश भिंतीवर कलला. साखळी बराच वेळ हलत राहिली.

संतोष केबिनमधून उतरला, चाकांभोवती एक फेरी मारली आणि कुणाला न विचारता आमच्या स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायला. येताना आमच्यासाठीही तांब्या घेऊन आला.

मी मूठ उघडली. हे गर्डरच्या पडलेल्या टोकाजवळ गेले, बराच वेळ वाकून बघत राहिले. मग बोटाने जोड पुसला आणि मला दाखवला. ती सुंदर माळ अख्खी तशीच निघून आली होती. तिच्या खालचं लोखंड जसंच्या तसं, वितळलेलंसुद्धा नाही.

"वेल्डिंग आत शिरलंच नाही," ते म्हणाले. "नुसतं वर बसलं होतं. करंट कमी पडला."

ते येऊन माझ्याशेजारी पायरीवर बसले.

"तू ओरडली का नाहीस?"

"ओरडले असते तर तुम्ही तिथूनच 'काय?' म्हणाला असता. आणि मी काय सांगतेय ते नीट ऐकून घ्यायला तिथेच बसला असता."

त्यांनी खरंच विचार केला. "हो," म्हणाले.

"काका," संतोषने विचारलं, "लेथ परत अंबडला नेऊ का?"

टेम्पोखाली, दोन चाकांच्या मधे, ह्यांची बॅटरी अजून चालू होती. रबराच्या तुकड्यावर तिचा गोल उजेड पडला होता. ती आणायला तिघांपैकी कोणीही वाकलं नाही.