पपईवरचा चष्मा

कोरीट गावचा हिलालआबा कुणावर विश्वास ठेवेल तर शपथ! मडकं घेताना दहा वेळा वाजवणार, बैल घेताना आधी औताला जुंपून बघणार. एकदा का कसोटीला उतरलं, की मग मात्र ती वस्तू जन्मभराची सोबतीण.

त्याची लेक रोहिणी नंदुरबारला एअर रायफल शिकत होती. निशाण्याच्या लोखंडी पाटीवर आपटून छर्रा कधीकधी उलटा डोळ्याकडे येतो, म्हणून तिने सलाउद्दीनच्या दुकानातून नेमबाजीचा चष्मा आणला. आबाने तो हातात घेतला मात्र, कपाळाला आठ्या!

"हाई तं प्लास्टिक शे. कितला हलका! त्यानी तुले येडी बनाडं."

"आबा, मजबूत शे तो."

"मजबूत? दखाड मंग."

झालं! आबाने हिरवी पपई तोडून बांधाला टेकवली, तिला चष्मा चढवला आणि पोरीला नेम धरायला लावला. छर्रा बसला. डाव्या भिंगावर उडदाएवढा ठिपका उमटला, पपईला ओरखडासुद्धा नाही. आबाची कळी खुलली.

"आते पारखेल शे. हाऊच लावजो."

दुसऱ्या दिवशी रोहिणीने तोच लावून सकाळभर सराव केला. परतताना चष्म्याचा स्क्रू आवळायला बापलेक सलाउद्दीनकडे थांबले. त्याने भिंग उजेडात धरलं आणि त्याचा चेहराच उतरला.

"काका, याले मार बसेल शे. एक मार खाया का आतून कमजोर व्हई जास, हाऊ फेकी देवाना ऱ्हास."

"वा रे वा! म्हणजे दुसरा इकाले मोकया!"

"इकत नही काका. हाऊ नवा फुकट लई जा, पण तो पोरले लावू देऊ नका."

फुकट! आता तर आबाची खात्रीच पटली. दुकानदार उगाच फुकट देतो होय? जुना खरा मजबूत असणार, म्हणूनच हा तो काढून घ्यायला बघतोय. लबाड कुठला! आबाने नव्या चष्म्याचा डबा घेतला, पण जुना काही सोडला नाही.

घरी येताच त्याने तीच पपई पुन्हा बांधाला टेकवली, तिला जुना चष्मा चढवला. "मार पोर. त्यानं खोटं उघडं पाडू."

रोहिणीने त्याच ठिपक्यावर नेम धरला. टक्!

आबा मिशीत हसत जवळ गेला, वाकला, आणि हसू तिथेच विरलं. भिंगाचे दोन तुकडे झाले होते. एक टोकदार तुकडा पपईत रुतला होता, त्या भोकातून पांढरा चीक ओघळत होता. आबाने त्यात बोट घातलं. पेरभर आत गेलं.

"सकायले... हाऊच लायेल व्हता ना तू?"

"हा, आबा. तुम्हीच सांगेल व्हतं ना."

आबा मटकन बांधावर बसला. सलाउद्दीनने नाही, परक्या कुणीच नाही, आपण आपल्या हाताने पोरीच्या डोळ्यावर हे बांधलं होतं!

रोहिणीने नवा डबा उघडला, चष्मा काढला आणि घरच्या सवयीने तो पारखायला पपईकडे निघाली.

"नही!" आबा केवढ्यांदा ओरडला. त्याने चष्मा तिच्या हातातून हिसकावला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि तिच्या डोळ्यांवर चढवला. जन्मात पहिल्यांदाच, न पारखता.