मी छापलेले कान

"पुन्हा नाक चोंदलं याचं," सेफिना पुटपुटली. "आजचाच मुहूर्त मिळाला म्हाताऱ्याला."

म्हातारा म्हणजे मी, आणि सेफिना मला चालवणारी तंत्रज्ञ. मित्रांनो, मी एक जुना प्रिंटर आहे. पण कागद काही माझ्या वाट्याला आला नाही. हॅमिल्टनमध्ये, नदीकाठच्या एका प्रयोगशाळेत मी जिवंत पेशी छापतो. पेशी दाटसर रसात कालवायच्या, तो रस माझ्या सुईतून थरावर थर सोडायचा, की कानाचा आकार उभा राहतो. मी नवा होतो तेव्हा वर्तमानपत्रात माझा फोटो आला होता. खाली लिहिलं होतं, 'जीव घडवणारं यंत्र'. आमचे मुख्य डॉक्टर ग्रॅम यांनी तो चौकटीत लावला. मीही चार दिवस फुगून होतो. खरं सांगू? मी पेशींना फक्त रांगेत बसवतो. जीव त्या आपल्या घरूनच घेऊन येतात.

या पेशी काहूच्या. काहू इथल्या मूळ रहिवासी माओरी लोकांतली नऊ वर्षांची मुलगी, जन्मापासून एका कानाविना. तिच्या दुसऱ्या कानातून चिमूटभर कूर्चा, म्हणजे मऊ हाड, काढून सेफिनाने त्या वाढवल्या. काहूच्या आजीला सगळे नॅन म्हणत. पेशी काढायच्या संमतीवर सही करण्याआधी नॅनने एकच अट घातली होती, "उरेल ते, बिघडेल ते, सगळं आम्हाला परत द्यायचं." त्यांच्यात मूल जन्मलं की त्याची वार आपल्याच जमिनीत पुरतात, अंगातलं काही परक्या जागी टाकत नाहीत. ग्रॅम "हो, हो" म्हणाले होते.

आज काहूच्या पेशींची शेवटची कुपी होती. काचेपलीकडे दोघी बसल्या होत्या. नॅनच्या मांडीवर आइस्क्रीमचा रिकामा डबा, घासूनपुसून, आत पांढरं फडकं अंथरलेला. सकाळपासून त्या डब्याकडे कोणी सरळ पाहिलं नव्हतं.

"नॅन, मी दोन्ही कानांत डूल घालणार."

"घाल बाई. एका कानाने माझं ऐकत नाहीस, दोन झाल्यावर काय दिवे लावतेस ते बघू."

इकडे माझ्या सुईत गुठळी अडकली होती. गेल्या वर्षी नवं यंत्र आलं आणि महिनाभर माझ्याकडे कोणी फिरकलं नाही. मित्रांनो, यंत्र रुसत नाही, आतून वाळतं. ते आज भोवत होतं.

"दाब वाढव," ग्रॅम म्हणाले.

"पेशी चिरडतील."

"नाहीतर बसल्या जागी मरतील. वाढव."

सेफिनाने ऐकलं नाही. तिने सुई उतरवली, नवी बसवली. मी श्वास धरला, म्हणजे माझ्यापुरता जो काही असेल तो. आणि रस सुटला.

तासाभरात कान उभा राहिला. काहूने काचेला नाक लावलं. नॅन दारात आली.

"झाला?"

"झाला," ग्रॅम हसले. "पेशी तगल्या की पुढच्या महिन्यात बसवू. तेवढी शस्त्रक्रियेसाठी तुमची सही हवी."

"सहीला मी आहेच. आधीचे सात बिघडले ना? ते द्या. आज घेऊन जाते."

ग्रॅमनी चष्मा पुसायला काढला. "त्याची एक पद्धत असते, नॅन. मी कळवतो."

"हेच तुम्ही आधीही दोनदा म्हणालात."

काहू एकदा डब्याकडे, एकदा कानाकडे पाहत होती. सही अडली तर हा कान इथेच राहणार, हे तिलाही कळत असावं. ते सातही कान मीच छापले होते, आणि कुठे गेले तेही मी पाहिलं होतं. पण मला तोंड नाही, नुसती सुई आहे.

मित्रांनो, मला पुसा, वेळेवर साफ करा, एवढं तर मागतोच. पण कोणी विश्वासाने हाती दिलेलं बिघडलं, म्हणून ते आपलं होत नाही. टाकण्याआधी विचारत जा.

सेफिनाने हातमोजे उतरवले. ग्रॅमनी तिच्याकडे रोखून पाहिलं. तिने पाहिलं नॅनकडे.

"नॅन, ते नाहीत," ती म्हणाली. "पिवळ्या पिशवीतून कचऱ्याबरोबर जाळायला गेले. पिशवीत मीच टाकले."