कीर्तनाचं एस्टर

पीएच.डी. करणाऱ्या कीर्तनाला फ्लास्कात पाणी ओतवेना. प्रोपिऑनिक आम्लात लाल फॉस्फरस आणि ब्रोमीन घालून दोन दिवस ती वाफा ओढून घेणाऱ्या फ्यूम हुडाशी उभी होती. तांबडा रंग विरला, ब्रोमीन आम्लाच्या साखळीवर हवं तिथं जाऊन बसलं. आता नुसतं पाणी घालायचं की ब्रोमोआम्ल हातात. पण मे महिना, प्रयोगशाळेचे नळ कोरडे, आणि डिस्टिल्ड वॉटरची एकच बाटली उरलेली. वेलचेरीत टँकरची वाट बघत वाढलेल्या मुलीचा हात तिथं आखडला. कपाटात अल्कोहोल मात्र रग्गड! बाईसाहेबांनी तेच ओतलं आणि पाणी वाचवल्याच्या आनंदात फ्लास्क बाहेर टेबलावर आणला.

डोळ्यांना धारा लागल्या तेव्हा डोक्यात उजेड पडला. पाण्यानं होतं आम्ल, अल्कोहोलनं एस्टर. आणि हे एस्टर कांद्याच्याही वरताण. तिनं झटकन बूच लावून फ्लास्क हुडात ढकलला. सलग तिसऱ्यांदा फसलं होतं. या खेपेला आम्ल झालं नाही तर काम लॅबमधल्या दुसऱ्या विद्यार्थ्याकडे, श्रीवत्सकडे जाईल, असं तिचे गाईड शेषाद्रीराव बजावून चुकले होते.

नेमके तेच आत आले. कीर्तनाच्या घरच्यांसारखेच तेही तंजावरचे मराठी. एरवी वाघ, पण रडणाऱ्या मुलीपुढे या गृहस्थांची पार शेळी व्हायची.

“कसाला रडतेस मा? जालं ते जालं,” ते मऊ आवाजात म्हणाले. “हे काम श्रीवत्स करील. तू कंप्यूटरवर बसून ग्राफ काढ. एसी आहे तिथं.”

गप्प राहिली असती तर गारव्यात बसून डॉक्टरेट मिळाली असती. पण हे काम तिचं होतं, आणि ते ती दुसऱ्याच्या हाती जाऊ देणार नव्हती.

“सर, मी रडत नाही. एस्टर जालं. पाणी वाचवायला मी अल्कोहोल ओतलं. सौम्य हायड्रोब्रोमिक आम्लात उकळलं की परत आम्ल होईल. उद्या देते.”

सरांनी चष्मा काढून डोळे पुसले. त्यांनाही एस्टर लागलं होतं. मग ते तमिळमध्ये असे काही कडाडले की शेजारच्या लॅबमधली माणसं दारात येऊन उभी राहिली. तिची अक्कल, तिची काटकसर, तिला शाळेत रसायनशास्त्र शिकवणारे मास्तर, कुणालाही सोडलं नाही.

कीर्तनाचा जीव भांड्यात पडला. सर कामावरून दूर करायचे ते मराठीत, गोड बोलून. तमिळमध्ये ओरडायचे ते फक्त ज्याला ठेवून घ्यायचं त्याच्यावर. तिनं नाक पुसलं आणि हीटर लावला.