पाच भावांची वाटी

मी एक जुना चांदीचा चमचा आहे, मित्रांनो, आणि माझा जन्मच मुळी मार खाण्यात झाला. दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका गावात एका बाईंनी साठवलेली नाणी सोनारापुढे ओतली. त्या काळी तिथे चमचे असेच बनत, नाणी वितळवून. सोनारानं ती मुशीत घातली. त्यांच्यावरचे राजे आणि गरुड आगीत ओघळून गेले. मग ऐरण आली, हातोडी आली. आम्हांला आकार येईपर्यंत तो ठोकत राहिला. पाठीवर एकाच घावात त्यानं स्वतःच्या नावाचा ठसा उठवला आणि टोकदार हत्यारानं दांड्यावर बाईंच्या आडनावाचं पहिलं अक्षर कोरलं, एच. असे आम्ही सहा भाऊ तयार झालो. माणसांचे चेहरे मला ओळखू येत नाहीत, कारण माझ्या खोलगट पोटात सगळे उलटेच दिसतात. मी माणसं ओळखतो हातांवरून.

पुढे त्या देशात युद्ध पेटलं. बाईंच्या घरात जखमी आणून टाकू लागले. एकोणीस वर्षांच्या एका सैनिकाचा पाय गुडघ्याखाली सडला होता आणि गुंगीचं औषध संपलं होतं. डॉक्टरांनी करवत उचलली. बाईंनी माझा दांडा त्याच्या दातांत दिला. करवत चालू असेपर्यंत तो मला चावत राहिला. तो वाचला नाही. मला त्याच्या दातांतून सोडवायला दोन माणसं लागली. त्याच्या चार दातांच्या खुणा माझ्या दांड्यावर अजून आहेत.

बाईंच्या पणतीनं एका डच माणसाशी लग्न केलं आणि आम्ही समुद्र ओलांडून नेदरलँड्सला आलो. तिथे पन्नास वर्षं एका खणात काळे पडत राहिलो. लोक त्याला दुर्लक्ष म्हणतील. मी त्याला सुट्टी म्हणतो.

ती सुट्टी संपली दोन हजार पाच सालच्या एप्रिलमध्ये. राणीच्या दिवशी इथले लोक रस्त्यावर चादरी पसरून घरातलं जुनंपानं विकतात. आइंडहोवनमधल्या तशाच एका चादरीवर फुटक्या बाहुल्यांशेजारी आम्ही पडलो होतो. तिथे संजीव आला. मूळचा पुण्याचा, शेजारच्या बेस्ट गावात राहणारा इंजिनिअर. आमच्यासारखे नाण्यांच्या चांदीचे अमेरिकन चमचे जमवायचं त्याला वेड होतं. त्यानं खिशातून भिंग काढलं, पाठीवरचा ठसा वाचला आणि घासाघीस न करता पैसे मोजले. एकाच सोनाराचे, एकाच अक्षराचे सहाच्या सहा भाऊ एकत्र मिळणं दुर्मीळच. विकणारी त्या पणतीचीच मुलगी होती; घरात चालत आलेली आमची हकिगत तिनं त्याला सांगितली.

त्यानं आम्हांला मऊ फ्लॅनेलमध्ये गुंडाळून कपाटात ठेवलं. दर रविवारी तो आम्हांला बाहेर काढी आणि आठ वर्षांच्या लेकीला, अवनीला दाखवी. "चांदीला आपटायचं नाही, घासायचं नाही," तो तिला सांगे. "हा काळेपणासुद्धा तिचाच आहे." त्याची बायको उल्का चिडवायची, "बायकोला पैंजण नाहीत आणि लोकांचे चमचे सांभाळतोय!" ते दिवस सुखाचे होते. आम्हांला वाटलं, मार खायचे दिवस संपले.

पुढच्या वर्षी विराजचा जन्म झाला आणि त्याच्या उष्टावणासाठी संजीवची आई, शैलाआजी, पुण्याहून आली. आपल्या छंदाबद्दल संजीव तिला कधी बोललाच नव्हता. आईला काय कळणार त्यातलं, असं त्याला वाटे. चादरी ठेवायला तिनं कपाट उघडलं आणि आम्ही तिच्या हाती लागलो.

आता तिचं काय चुकलं, तुम्हीच सांगा. तिच्या घरी प्रत्येक भांड्यावर नाव घातलेलं. कुणी दिलं, कुणाला, कशानिमित्त, सगळं. दुसऱ्याचं नाव असलेलं भांडं म्हणजे एक तर परत करायचं, नाहीतर मोडीत काढायचं. आमच्यावरचं परकं अक्षर पाहून तिला वाटलं, पोरानं नातवाच्या वाटीसाठीच ही मोड घेऊन ठेवली आहे आणि कामाच्या धबडग्यात त्याला सवड झाली नाही. तिनं कुणाला न सांगता बेत केला. शेजारच्या मेधाला बरोबर घेऊन ती आगगाडीनं हेगला गेली, सुरिनाममधून आलेल्या एका हिंदुस्थानी वंशाच्या सराफाकडे.

"मेरे सामनेच गलाओ, भैया," ती म्हणाली आणि स्टुलावर ठाण मांडून बसली. "इसीच चांदी की कटोरी होना."

ज्योत सुरू झाली. माझ्या थोरल्या भावाचं पोट आधी लाल झालं, मग दांडा वाकला, मग तो खाली बसला. त्याच्यावर दुसरा पडला. मग तिसरा. आम्हांला ओरडता येत नाही, हे किती बरं आहे! पाच जण संपले तेव्हा सराफ म्हणाला, वाटीला एवढी पुरे. मला तिनं भरवायच्या चमच्यासाठी ठेवलं. फिरत्या चाकानं माझ्यावरचं अक्षर खरवडून काढलं. ते चाक दातांच्या खुणांकडे वळलं तेव्हा तीच म्हणाली, "बस, बस. झिजेगा." त्या एका वाक्यासाठी मी तिचा जन्माचा ऋणी आहे.

उष्टावणाच्या आदल्या दुपारी तिनं नवी वाटी संजीवच्या हातात ठेवली आणि वाटीत मला. चकचकीत वाटीवर लिहिलं होतं, ‘चि. विराज यास, आजीकडून’.

"तुझ्या त्या चमच्यांची केली," ती कौतुकानं म्हणाली.

मी संजीवचे हात ओळखत होतो. ते हात त्या क्षणी त्याचे नव्हते. "माझे चमचे?" तो किंचाळला. त्यानं मला जमिनीवर आदळलं आणि वाटी सगळ्या ताकदीनं दाराकडे भिरकावली. ती चौकटीवर आपटली, उसळली आणि आवाज ऐकून धावत आलेल्या अवनीच्या भुवईवर बसली.

रक्त तिच्या डोळ्यात उतरलं. विराज किंचाळत सुटला. उल्कानं संजीवला असं ढकललं की तो खुर्चीसकट पडला. अवनीला डॉक्टरांकडे नेऊन तीन टाके घालून आणलं, तोवर शैलाआजीनं बॅग भरली होती.

"मला विमानात बसवून दे," ती एवढंच म्हणाली. मामा येऊ शकत नव्हता, म्हणून तीच नातवाला पहिला घास भरवणार होती. आता तो घास भरवायला ती थांबणार नव्हती.

संजीव खाली मान घालून जमिनीवर बसला होता. पट्टी बांधलेल्या अवनीनं मला कोपऱ्यातून उचललं, आपल्या फ्रॉकला पुसलं आणि त्याच्यासमोर धरलं.

"बाबा, यू सेड वी नेव्हर हिट देम."

तो हुंदका देऊन रडला. मग उठून त्यानं आईचे पाय धरले. "चुकलो, आई. मी हे का जमवतो, ते तुला कधी सांगितलंच नाही. तुला कळणार नाही असं धरून चाललो."

आजीनं त्याला दंड धरून उठवलं. मग म्हणाली, "मी तरी विचारायचं होतं. आता सांग." त्यानं माझ्या दांड्यावरच्या दातांच्या खुणा तिला दाखवल्या आणि आम्हां सहा जणांची सगळी हकिगत सांगितली. पाच जणांचं काय झालं, तिथे आल्यावर तिनं पदर डोळ्यांना लावला. वाटीला पोचा आला होता. तो काढून आणतो, असं संजीव म्हणाला.

"राहू दे," ती म्हणाली. "दिसू दे तुला रोज." आणि तिनं बॅगेतली साडी परत कपाटात ठेवली.

मित्रांनो, माझे भाऊ गेले ते परत येणार नाहीत, आणि मला त्याचं फार दुःख आहे. पण आम्हीही नाणी वितळवूनच झालो होतो, हे मी विसरत नाही. मला मऊ कापडानं पुसा, एवढंच मागायला मी बोलत नाही. राग आला की आधी आपल्या हातात काय आहे ते बघा, आणि समोर कोण उभं आहे तेही. अवनीच्या भुवईत आज एक पांढरी रेघ आहे. माझं पुसलेलं अक्षर परत आलं नाही, तशी तीही जाणार नाही.

दुसऱ्या दिवशी आजीनं पोचा आलेल्या वाटीतली खीर माझ्यावर घेतली आणि विराजला भरवली. त्यानं खीर गिळली, मला हिसकावून घेतलं आणि माझा दांडा तोंडात घातला. त्याचा नुकताच फुटलेला दात त्या सैनिकाच्या दाताच्या खुणेत नेमका बसला. मला चावून कुणी हसलं, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं.